रबराच्या गावात चामडी तळाचे बूट

अ‍ॅक्रनला वारा पडला की
वाळत घातलेल्या चादरींना रबराचा वास लागायचा.
आई म्हणायची, असू दे, पगाराचा वास आहे.
मग एकेक करून कारखाने मिटले,
चादरी स्वच्छ वाळू लागल्या.

मी मात्र तेच कामाचे बूट घालून गेलो
जानेवारीतल्या एका गुरुवारी, युनियनच्या हॉलवर,
जिथे पूर्वी संपाची मतं मोजायचे
आणि आता पाच जणांचा बँड स्विंग वाजवतो.
ट्रम्पेटवाला दिवसा लोकांचे दात काढतो.
ड्रमवर त्याची भाची, तोंडात च्युइंगगम,
ठेका मात्र रात्रीच्या मालगाडीचा.
पहिल्याच गिरकीत
पाय राहिला फळीला धरून, आणि मी गेलो पुढे.

भिंतीशी वर्डेल हचिन्स बसल्या होत्या.
वय एक्याऐंशी. मांडीवर पर्स, पर्सवर हातमोजे.
"पोरा, रबर थांबायला असतं," त्या म्हणाल्या.
"लढाईत अठरा महिने मी बलून चिकटवलेत.
रबराचं मला विचार."

पुढच्या गुरुवारपर्यंत
मिक्लोशच्या दुकानातून तळ बदलून आणले. चामड्याचे.
मिक्लोश म्हणाला, या गावात हे कोणी मागत नाही.

शिकवायच्या त्या बसल्या जागेवरूनच.
"हात आवळू नकोस, दाराची मूठ नव्हे ती.
मागे जा. अजून.
तीही मागे जाईल, तिला जाऊ दे.
आता मध्ये ओढ लागली?
ताणायची नाही, सोडायची नाही.
तेवढीच आहे बघ सगळी विद्या, बाकी पाय."

आणि बँडने दम घेतला की थोडंथोडं सांगायच्या.
रात्री अकराला पाळी सुटायची.
केसांत, भुवयांत शंखजिऱ्याची पूड,
रबर रबराला चिकटू नये म्हणून फासायची ती.
घरी कोण जातंय? हॉवर्ड स्ट्रीटवर जिना चढून
पोरी आधी डोकी झटकायच्या जमिनीवर,
आणि त्या पांढऱ्या धुळीवर अशी काही घसरण व्हायची!
"तळ्याकाठच्या मोठ्या हॉलात आम्हाला फक्त सोमवार.
गोऱ्यांनी शनिवारी गुळगुळीत केलेली जमीन
आम्ही सोमवारी वापरून संपवायचो."

ओझेल टिब्स म्हणून एक होता.
दिसायला पडवळ. पण त्याच्या तळहातात
पुढचं वळण आधीच येऊन बसलेलं असायचं.
"मग?" नाकात चमकी घातलेल्या पोरीने विचारलं.
(ही रसायनशास्त्र शिकते, आणि आम्हा बाप्यांना गरागरा फिरवते.)
"मग काय, लग्न मी लेस्टरशी केलं.
त्याला एक पाऊल टाकता येत नसे.
भला माणूस. बावन्न वर्षं."

फेब्रुवारीत एकदा बँडने संथ चाल धरली
आणि पर्स खुर्चीवर ठेवून त्या उठल्या.
"डावं खुब्याचं हाड नवीन आहे. जपून वाप."
मी हात पुढे केला.
वजन लागलंच नाही. बोटांशी फक्त एक खेच,
गळाला मासा हुंगून जावा तशी.
मध्येच चार मात्रा बँड गप्प झाला.
मी गडबडलो, पुढे निघालो.
त्या निघाल्या नाहीत.
चारही मात्रा उभ्या राहिल्या, डोळे मिटून,
जणू जिन्यावर कोणाची तरी पावलं वाजतायत.
मग क्लॅरिनेट आलं, आणि त्या आल्या, समेवर,
मी मात्र अर्धा ठोका उशिरा.

बाहेर गाड्यांच्या आवारात काचेसारखा बर्फ.
माझे चामडी तळ, त्यांचे चामडी तळ.
चौथ्या पावलाला दोघांचेही पाय सुटले.
"आता हवं होतं रबर!" त्या ओरडल्या,
आणि हसता हसता मागे झुकल्या.
मीही झुकलो, मागे.
मध्ये हात, ताणलेला नाही, सुटलेला नाही.
पडलो नाही.